सुई लपवू नका, साखर सोबत ठेवा

नववीच्या वर्गात पाचवा तास सुरू होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची, सकाळच्या सत्रातली. मी तिथे मराठी शिकवते. त्या दिवशी फळ्यावर समासाची उदाहरणं लिहीत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याशी काहीतरी कुजबुजला. एरवी मी नुसतं वळून बघितलं असतं. त्या दिवशी मात्र डस्टर टेबलावर आपटून त्याला इतकं बोलले, की सगळा वर्ग चिडीचूप झाला. माझा आवाज मलाच परका वाटला. पुन्हा फळ्याकडे वळले तर मी लिहिलेली ओळ उताराला लागल्यासारखी खाली खाली घसरत गेलेली. खडू धरलेला हात थरथरत होता. मानेवरून घाम ओघळत होता, आणि महिना डिसेंबरचा होता.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आपा, तबियत ठीक है ना?" मी म्हणाले, "कुछ नहीं, रात को नींद नहीं हुई." आणि भिंतीला धरत धरत स्टाफरूमकडे निघाले.

तिथे फक्त शिपाई मामू होते. त्यांनी माझा चेहरा बघितला, काहीही न विचारता चहाच्या कपाटातून साखरेचा डबा काढला, अर्धा ग्लास पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळली आणि ग्लास हातात दिला. "पिऊन घ्या आपा. घरी बायकोला सुई चालू आहे. मी रोज बघतो." पंधरा मिनिटांत हात स्थिर झाले. घाम थांबला. आणि मग शरमेनं मान खाली गेली. आपण त्या पोराला विनाकारण झापलं, हे तेव्हा लक्षात आलं.

इन्सुलिन सुरू होऊन मला तेरा दिवस झाले होते. शाळेत एकालाही सांगितलेलं नव्हतं. साखर तपासायचं ग्लुकोमीटर घरी कपाटात, दुपट्ट्यांच्या घडीखाली ठेवलेलं होतं. पर्समध्ये खडू होते, लाल पेन होतं, तस्बीह होती, पण साखरेची एक पुडीसुद्धा नव्हती. डॉक्टरांनी 'जवळ गोड ठेवा' असं सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. कारण पर्समधून गोड काढून खाल्लं की कुणीतरी विचारणार, आणि विचारलं की सांगावं लागणार.

इन्सुलिन नव्यानं सुरू झालेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका सुईचा नसतो, लपवण्याचा असतो, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे. ते कसं झालं, ते सांगते.

अब्बांची गोष्ट

माझ्या अब्बांना वीस वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं होतं. एका रात्री त्यांना ताप होता. तोंडाला चव नव्हती म्हणून ते दोन घास खाऊन उठले, पण सुई मात्र नेहमीएवढीच घेतली. पहाटे तीनच्या सुमारास अम्मीला जाग आली तेव्हा त्यांची बनियन घामानं भिजलेली होती. ते असंबद्ध बोलत होते. अम्मीला ओळखेनात. घरात गोंधळ उडाला. कुणी म्हणालं वाऱ्याचा झटका आहे, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे. एकानं पाणी दम करून आणलं. साखर तपासावी असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. शेवटी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, शिरेतून ग्लुकोज दिलं आणि अब्बा थोड्याच वेळात उठून बसले.

खरी चूक त्यानंतर झाली. सगळ्यांनी मिळून ठरवलं, "यांना सुई सोसत नाही." सुई बंद झाली. कडू कारल्याचा रस आला, जांभळाच्या बियांची पूड आली, कुणाच्या तरी गावाहून काढा आला. साखर कमी होण्याची भीती इतकी बसली होती, की वाढलेली साखर कुणाला दिसेना. चार वर्षांनी पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली, ती भरली नाही, आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

त्या एका रात्रीचा दोष इन्सुलिनचा नव्हता. औषध पूर्ण घेतलं आणि जेवण अर्धं झालं, एवढीच ती गोष्ट होती. डोस बदलायचा होता, तापाच्या दिवशी काय करायचं ते विचारायचं होतं. आम्ही औषधच टाकून दिलं. आजही आपल्या मोहल्ल्यात हेच चालतं. एकदा शुगर लो झाली की 'सुई लागू पडत नाही' असा निकाल, आणि सुई म्हणजे आजाराचा शेवट, अशी समजूत. या समजुतीपायी मी स्वतः दोन वर्षं डॉक्टरांना 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत राहिले. मी शिकलेली, बी.एड. केलेली बाई. शिक्षण सगळ्याच भीतीवर चालत नाही.

इन्सुलिन हा शेवट नाही, हे मी आता इतिहासातूनच सांगते. १९२२च्या जानेवारीत टोरांटोच्या दवाखान्यात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांवर इलाज म्हणजे त्यांना उपाशी ठेवून थोडे दिवस जास्त जगवणं, एवढाच होता. या औषधाच्या शोधात ज्यांचा मोठा वाटा, त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. म्हणून तो दिवस जागतिक मधुमेह दिन. आपल्या शाळांत त्या दिवशी बालदिन असतो. मी इतकी वर्षं बालदिनाचं सूत्रसंचालन केलं, पण मुलांना वाचवणाऱ्या या औषधाचा उल्लेख एकदाही केला नाही. पहिल्या काळातल्या रुग्णांनाही संत्र्याचा रस किंवा गोड गोळ्या जवळ ठेवायला सांगत. म्हणजे औषध आणि त्याच्यासोबतची ही काळजी, दोन्ही एकाच वेळी जन्माला आली आहेत. आपण औषध घेतलं आणि काळजी घरी विसरलो.

शुगर लो म्हणजे काय

रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की ती कमी समजायची. ५४च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज. ते घटू लागलं की शरीर आधी धोक्याची घंटा वाजवतं: घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, ओठांभोवती मुंग्या. तेव्हाही लक्ष दिलं नाही, तर मेंदूचं काम अडखळतं. शब्द सापडत नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस चिडतो, हट्टीपणा करतो, 'मला काही झालेलं नाही' म्हणतो. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की मुलाच्या वागण्यामागचं कारण शोधा. शिक्षकाच्या वागण्याचं कारण त्याच्या रक्तात असू शकतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

झोपेत लो झालं तर ओळखणं आणखी अवघड. भयानक स्वप्नं, भिजलेली उशी, सकाळी उठल्यावर डोकेदुखी, या त्याच्या खुणा. अब्बांच्या त्या रात्री या सगळ्या आमच्या डोळ्यांसमोर होत्या. आम्ही जिन शोधत बसलो.

माझ्या बाबतीत काय झालं होतं तेही सांगते. मला तीस-सत्तरचं इन्सुलिन दिलं होतं. त्यात तीस टक्के भाग लवकर काम करणारा, सत्तर टक्के सावकाश. हा सावकाश भाग साधारण चार तासांनंतर जोरात येतो. मी सकाळी साडेसहाला सुई घेऊन चहा-खारी खाऊन निघायची, आणि जेवायला एक वाजायचा. अकराच्या सुमारास औषध भरात, पोट रिकामं. मी हे सगळं सांगितल्यावर डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला, सकाळी पोटभर नाश्ता सांगितला आणि साडेनऊच्या सुट्टीत काहीतरी खाणं सक्तीचं केलं. त्यानंतर वर्गात पुन्हा असं झालं नाही. (एकदाच झालं, ते पुढे सांगते.) बदल इतकाच होता. पण तो करण्यासाठी 'मला चक्कर आली' हे डॉक्टरांना सांगावं लागलं.

आणखी एक अनुभव नव्या लोकांच्या कामाचा. एका संध्याकाळी मला तसाच घाम फुटला, हातपाय गळाले. तपासलं तर आकडा ९६. मशीन बिघडलं असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, बिघडलेलं नाही. महिनोन्‌महिने अडीचशे-तीनशेची सवय झालेल्या शरीराला शंभरसुद्धा कमी वाटतं. काही आठवड्यांत ते सरावतं. अशा वेळी घाबरून वाटीभर शिरा खाल्ला तर तासाभरात पुन्हा तीनशे. मी खाल्ला होता, म्हणून सांगते. मन म्हणतं 'लो आहे', तेव्हा शक्य असेल तर आधी बोट टोचून बघावं. मशीन जवळ नसेल तर मात्र वाट बघू नये, लो समजूनच गोड घ्यावं.

पंधराचा हिशेब

इलाज आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि त्याचा हिशेब सोपा आहे. साधारण १५ ग्रॅम पटकन विरघळणारी साखर घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. १५ ग्रॅम म्हणजे पाण्यात तीन-चार चमचे साखर, किंवा तेवढीच ग्लुकोजची पावडर, किंवा अर्धा कप फळांचा रस, किंवा एक मोठा चमचा मध. आकडा वर आला आणि जेवायला अजून वेळ असेल, तर एखादी पोळी किंवा कपभर दूध घ्यायचं, म्हणजे साखर पुन्हा घसरत नाही.

पेढा, बर्फी, चॉकलेट, क्रीमची बिस्किटं यांवर अवलंबून राहू नये. त्यांतल्या तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. खजूर आपल्याकडे घरोघरी असतो आणि काहीच नसेल तर तो जरूर खावा, पण साखरेचं पाणी त्याहून लवकर काम करतं. आणि जेवणाआधीच्या व्होग्लिबोज किंवा अकार्बोजच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनी ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी. या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात, त्यामुळे साखर घेऊनही आकडा लवकर वर येत नाही. ही गोष्ट मला इन्सुलिन सुरू झाल्यानंतर दोन महिन्यांनी कळली. ती पहिल्याच दिवशी कळायला हवी.

माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर नाही, मध नाही, झमझमचं पाणीही नाही. श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन लावायचा. त्याच्यावर इन्सुलिन चालू आहे, हे फोनवरच सांगायचं. आणि हे सांगायला घरातल्यांना ते माहीत असावं लागतं.

एक सावधगिरी सिरिंजची. आपल्याकडे औषधाच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या येतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधली कार्ट्रिज १०० युनिटची असते. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची नारिंगी टोपणाची. आमच्या नात्यातले एक चाचा लग्नाला परगावी गेले आणि पेनची सुई घरी विसरले. दुकानातून लाल टोपणाची सिरिंज आणली आणि कार्ट्रिजमधून २०च्या खुणेपर्यंत औषध ओढलं. गणित करून बघा: ४०च्या सिरिंजवर २० म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि कार्ट्रिजच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट. अडीचपट. त्यांच्या सुनेनं वेळीच बघितलं म्हणून ते वाचले. तीही तिथे उभी होती म्हणून. चाचा नेहमी दार लावून सुई घ्यायचे, त्या दिवशी लग्नघरात लावायला दार नव्हतं.

शेवटी जेवणारी बाई

आता बायकांबद्दल. आपल्या घरांत बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. मराठी मुसलमान घर असो की हिंदू, यात फारसा फरक नाही. आणि अनेकांना इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितलेलं असतं. ती अर्धा तास आधी सुई घेते, आणि मग सासऱ्यांचं ताट, मुलांचं ताट, गरम पोळी, कुणाला लोणचं, कुणाला पाणी. अर्ध्या तासाचा सव्वा तास कधी होतो ते तिला कळत नाही. तव्यासमोर घाम येतो, तो तिला गॅसचा वाटतो. चिडचिड होते, ती तिला आणि घराला तिच्या स्वभावाची वाटते.

मी सुरुवातीचा महिना हेच केलं. मग एके दिवशी मिस्टरांना सांगितलं, "मी सुई घेतली आहे, आता बरोबर अर्ध्या तासानं मी जेवायला बसणार. पोळ्या झाल्या असतील तर तुम्ही वाढा, नाही झाल्या तर पाव आणा." सासूबाईंना दोन दिवस ते आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच घड्याळ बघून हाक मारली, "बहू, खाना खा ले." मला वाटलं होतं यावरून भांडण होईल. कुणाला काही माहीत नव्हतं, म्हणून कुणी काही करत नव्हतं, एवढंच निघालं. घरात जिला इन्सुलिन चालू आहे तिनं आधी जेवावं, ही सवलत नाही. गोळी वेळेवर घेण्यासारखाच तो उपचाराचा भाग आहे.

रमजान, संकष्टी आणि लोक काय म्हणतील

इन्सुलिन सुरू झालं आणि थोड्याच महिन्यांत रमजान आला. डॉक्टर म्हणाले, यंदा रोजे नकोत, डोस अजून स्थिर नाही. मी घरी येऊन रडले. शेजारच्या खाला म्हणाल्या, "रोजे रखो, शुगर अपने आप कम होती." त्यांचं म्हणणं खरंच होतं, आणि धोका नेमका तोच होता.

तेरा देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही मुसलमानांचा एक मोठा अभ्यास २००१ मध्ये झाला, भारतही त्यात होता. टाइप दोनच्या रुग्णांमध्ये गंभीरपणे साखर कमी होण्याचं प्रमाण रमजानमध्ये साडेसातपट झालेलं त्यात दिसलं. आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी रोजे ठेवताना औषधाचा डोस बदललाच नव्हता. सहेरी ते इफ्तार आपल्याकडे तेरा-चौदा तास. औषध अकरा महिन्यांचं, जेवण रमजानचं, ही जोडी जमणारी नाही. म्हणून जाणकार डॉक्टर सांगतात, रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी भेटा. काहींना डोस बदलून रोजे ठेवता येतात, काहींना येत नाहीत. ते ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, शेजाऱ्याकडून नाही.

कुराणात, सूरह बकरामध्ये, आजारी माणसाला रोज्यातून स्पष्ट सूट दिली आहे. नंतर ठेवता आले तर कजा, कधीच शक्य नसेल तर फिदया. बोट टोचून रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुतेक आलिमांचं मत आहे. तरी किती लोक त्या महिन्यात मशीनला हात लावत नाहीत! आणि रोजा ठेवलेल्या माणसाची साखर ७०च्या खाली आली तर रोजा त्याच क्षणी सोडायचा. मगरिबला दहाच मिनिटं उरली असली तरी सोडायचा. 'आता दहा मिनिटांसाठी काय सोडायचा' हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. साखर घसरत असताना दहा मिनिटं फार मोठी असतात. अल्लाहनं दिलेली रुखसत नाकारून आपण कुणाला काय दाखवतो, हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःला विचारावा.

पण दुसऱ्याला उपदेश करण्याआधी माझीच गोष्ट ऐका. मी रोजे ठेवले नाहीत, आणि तेही लपवलं. साडेनऊच्या सुट्टीत मुलं रोज्यात, सहकारी रोज्यात, त्यांच्यासमोर डबा कसा उघडायचा? चौथ्या दिवशी मी खाल्लंच नाही. अकरा वाजता पुन्हा तीच थरथर. म्हणजे मी रोजाही ठेवला नव्हता आणि उपाशीही राहिले होते. ना सवाब, ना तब्येत.

त्या दिवशी आमच्या एक मराठी सहकारी भेटल्या, दुसऱ्या शाळेत असतात. त्याही इन्सुलिनवर. हसून म्हणाल्या, "तुमचं मगरिबला तरी सुटतं. आम्ही संकष्टीला चंद्राची वाट बघतो, आणि चंद्र कधी नऊ वाजवतो." सुई मात्र त्या रोजच्या वेळी घेत होत्या. दिवसभर उपास, संध्याकाळची सुई सातला, जेवण नऊ-सव्वानऊला. घरी त्यांनीही कुणाला काही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. देव वेगळे, भीती एकच: लोक काय म्हणतील.

मी वर्गाला सांगितलं

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात धडा न शिकवता हेच सांगितलं. मला डायबिटीस आहे. मी रोज सुई घेते. डॉक्टरांनी मना केलं आहे म्हणून मी रोजे ठेवत नाही. साडेनऊला मला खावं लागतं, तुमच्यासमोर खाल्लं तर वाईट वाटून घेऊ नका. मला घाम येताना, हात थरथरताना, उगाच ओरडताना दिसले, तर या टेबलाच्या खणात ग्लुकोजची पुडी आहे, पाण्यात घालून मला द्या. मी 'नको' म्हटलं तरी द्या. मी पडले तर तोंडात काही घालू नका, मुख्याध्यापकांना बोलवा आणि १०८ लावायला सांगा. मग ज्या मुलाला डिसेंबरमध्ये झापलं होतं, त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो लाजून खाली बघत राहिला.

तास संपल्यावर दोन मुली थांबल्या. एकीची दादी सुई घेते, ती म्हणाली, "दादीको रातको बहुत पसीना आता." दुसरीनं स्वतःच्या भावाबद्दल सांगितलं. दहा वर्षांचा आहे, टाइप एक आहे, त्याच्या शाळेत घरच्यांनी सांगितलेलं नाही, कारण 'पोरं चिडवतील'. दोघींनाही घरच्यांना घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितलं. दादीचा रात्रीचा डोस आता कमी झाला आहे. भावाच्या शाळेत अजून कुणी गेलेलं नाही. त्या घरी मी दोनदा जाऊन आले, पुन्हा जाईन.

तर माझं म्हणणं एवढंच. इन्सुलिन सुरू झालं असेल तर पहिल्याच आठवड्यात चार जणांना सांगा: घरातला एक, कामावरचा एक, शेजारचा एक आणि नेहमीच्या वाटेवरचा एक. साखर किंवा ग्लुकोज पर्समध्ये, खिशात, स्कूटीच्या डिकीत आणि उशाशी ठेवा. स्कूटी काढण्याआधी बोट टोचा. लो झालं तर वहीत वेळ लिहा, आधी काय खाल्लं होतं ते लिहा, आणि वही डॉक्टरांना दाखवा. सुई मनानं बंद करू नका, मनानं वाढवू नका. मुख्याध्यापकांनी प्रत्येक वर्गशिक्षकाला विचारावं की तुमच्या वर्गात सुई घेणारं मूल आहे का, आणि स्टाफरूममध्येही तेच विचारावं. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना मी एक विनंती केली आहे. रमजानआधीच्या शेवटच्या जुम्याला दोन मिनिटं यावर बोला, आजाऱ्याची रुखसत आणि बोट टोचण्याचा मसला सांगा. बाईनं सांगितलेलं घरात ऐकलं जात नाही, मिंबरवरून सांगितलं तर ऐकतील. ते 'बघतो' म्हणाले आहेत. मी पुन्हा आठवण करणार आहे.

त्या मुलाचं काय झालं, असं काही जणांनी विचारलं. तो आता दहावीत आहे. सुट्टीची घंटा झाली आणि मी वह्या तपासत बसले, की दारातून डोकावतो आणि म्हणतो, "आपा, साढ़े नौ." मी डबा उघडते, तेव्हा तो जातो.